धूर केव्हा येतो

गाडी धूर मारायला लागली की गल्लीतला प्रत्येक माणूस फिटर होतो. आमची 2005 सालची पेट्रोल हॅचबॅक सायलेन्सरमधून निळसर धूर सोडायला लागली, तेव्हा पहिलं निदान इस्त्रीवाल्याने केलं : "ताई, इंजिन गेलं." शेजारच्या काकांनी "चालतीय तोवर विकून टाक" असा सल्ला दिला. नेहमीच्या गॅरेजवाल्याने तर बॉनेटही न उघडता 'हाफ इंजिन' सांगितलं आणि "35,000 धरून चला" म्हणाला. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवायचं, पिस्टन बाहेर काढायचे, रिंगा बदलायच्या आणि हात लागलाच आहे तर आणखी जे निघेल ते करायचं. त्या 'आणखी जे निघेल' ला अंत नसतो हे गाड्या बाळगणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मी कराडात दुकानदारांच्या वह्या लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. आकडा कुठून आला ते कळल्याशिवाय तो मान्य करायची मला सवय नाही. 35,000 कुठून आले हे त्या भल्या माणसाला सांगता येईना. "निळा धूर म्हणजे रिंगा," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला.

रंगाचं गणित तसं सोपं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी : एअर फिल्टर चोंदलेला, इंजेक्टर गळका, नाहीतर एखादा सेन्सर चुकीचं सांगतोय. पांढरा म्हणजे पाणी. थंडीत पहाटे गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून वाफ येते, थेंब ठिबकतात आणि माणसं घाबरतात. पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं, ते कुठून तरी बाहेर पडायचंच. सायलेन्सर तापला की दिसेनासं होतं. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट भरूनही कमी होत गेलं, तर मात्र हेड गॅस्केटकडे बघावं, आणि तेही लवकर. निळा म्हणजे ऑइल. ऑइलचे अतिबारीक थेंब हवेत तरंगतात, त्यांच्यावरून उजेडातला निळा भाग जास्त विखुरतो, म्हणून तो निळा. भर दुपारी तो धड दिसतही नाही. संध्याकाळी मागच्या गाडीच्या दिव्यांत मात्र लपत नाही. वाफ हातभर जाऊन विरते, हा रेंगाळतो आणि नाकाला झोंबतो. शंका असेल तर सायलेन्सर गार असताना आत बोट फिरवावं. कोरडी काजळी आली तर पेट्रोल, चिकट काळं आलं तर ऑइल. माझं बोट चिकट झालं आणि साबणानेही लवकर निघालं नाही.

म्हणजे ऑइल जळत होतं, यात वाद नव्हता. पण किती? हे कुणीच विचारलं नव्हतं. "लई खाती" हे माप नव्हे. मी पार्किंगमधली एक सपाट जागा ठरवली. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तिथेच उभी असताना गेज काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि बघायचं. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं, किलोमीटर लिहून ठेवले. कमी झालं की मापाच्या भांड्याने मोजून वर आणायचं आणि तेही लिहायचं. आमच्या गाडीच्या गेजवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एका लिटरचा फरक आहे. पेट्रोल पंपावर पोऱ्या गरम इंजिनातून गेज काढून "मॅडम, ऑइल कमी आहे" म्हणतो, त्यात अर्थ नसतो. बंद केल्याकेल्या बरंचसं ऑइल वर हेडमध्येच असतं, खाली चेंबरमध्ये उतरायला त्याला वेळ लागतो.

पावसाळा संपेपर्यंत वहीत चित्र स्पष्ट झालं : लिटरभर ऑइल साधारण 1,200 किलोमीटरला. हे जास्तच, पण जीव जाण्याइतकं नव्हे. 1,000 किलोमीटरला एक लिटर ही मर्यादा बऱ्याच कंपन्या जुन्या काळापासून चालवून घेत आल्या आहेत. गिऱ्हाइकाला ते पटत नाही हा भाग वेगळा. शिवाय सगळंच ऑइल जळत होतं असंही नाही. गाडीखाली रात्री पुठ्ठा अंथरला तर सकाळी त्यावर एका बाजूला डाग पडलेला असायचा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तिथून ऑइल पाझरत होतं, थोडं एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून जळायचं. सिग्नलला थांबल्यावर आत करपट वास यायचा तो हाच. पॅकिंग बदललं, वास गेला, डाग गेला, वहीतला आकडा जेमतेम हलला. धूर तसाच.

यानंतर गाठ पडली ती एका म्हाताऱ्या मिस्त्रींशी. एमआयडीसीच्या बाजूला त्यांची शेड आहे, हाताखाली पुतण्या. आयुष्य ट्रक आणि जीपगाड्यांत गेलेलं. त्यांना मी सगळी वही दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, "धूर कवा येतोय?"

मी म्हटलं, येतो की. सकाळी येतो, मधूनच येतो.

"तसं न्हाई. सकाळी पयल्या सेल्फला येतोय का पाच मिंटानं? चढाला येतोय का उताराला? टोलच्या लायनीत हुबी ऱ्हायली आन् मग सुटली, तवा येतोय का? ह्ये बगून या, मग बोलू."

मग त्यांनी प्लायवुडच्या तुकड्यावर खडूने इंजिन काढून मला समजावलं. ऑइल जळायच्या जागेत शिरायला मुख्य वाटा दोन. खालून, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने. नाहीतर वरून, वॉल्व्हच्या दांड्यावरून. वर हेडमध्ये कॅम आणि रॉकरना ऑइल सतत मिळत असतं. वॉल्व्हचा दांडा ज्या गाइडमधून वरखाली होतो, त्याच्या तोंडावर रबराचं एक टोपण असतं, तेच वॉल्व्ह ऑइल सील. वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये भिजून ते रबर कडक होतं आणि दांड्याला धरून राहायचं सोडतं. मग रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑइल थेंबथेंब दांड्यावरून खाली उतरतं, आणि सकाळी पहिल्या सेल्फला जळून एक निळा ढग बाहेर पडतो. दोनेक मिनिटांत तो संपतो, कारण साठलेलं तेवढंच होतं.

रिंगा गेल्या असतील तर कथा उलटी. धूर भार पडला की येतो. चढावर, तिसऱ्या गिअरला, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना. आणि तोही येतच राहतो.

उताराचा प्रकार सगळ्यात बोलका, असं त्यांचं म्हणणं. गाडी गिअरमध्ये ठेवून, पाय काढून उतार उतरताना थ्रॉटलची झडप बंद असते आणि पिस्टन मात्र जोरात फिरत असतात. हवा यायला वाट नाही, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. तो व्हॅक्यूम सैल सीलमधून ऑइल खाली ओढतो. त्या वेळी इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल बंद असतं, जाळ नसतो, म्हणून ऑइल नुसतं साठत राहतं. खाली सपाटीला येऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सगळं एकदम पेटतं. टोलच्या रांगेतही तसंच, फक्त कमी प्रमाणात : आयडलिंगला व्हॅक्यूम भरपूर असतो, गाडी पाच मिनिटं घुर्रघुर्र करत उभी राहते, आणि सुटताना मागच्याच्या तोंडावर ढग.

कराडच्या माणसाला ही परीक्षा घ्यायला लांब जायला नको. चिपळूणला जाताना पाटण, कोयना सोडलं की हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट लागतो आणि गाडी सह्याद्रीच्या डोक्यावरून थेट पोफळीत उतरते. चिपळूणला माझी धाकटी बहीण असते. दिवाळीनंतर ती मंडळी आमच्याकडे आली होती, परत जाताना मी त्यांच्यापुढे माझी गाडी काढली. भावोजींना सांगितलं, माझ्या मागे राहा, फार जवळ नको. भाची त्यांच्या शेजारी मोबाइल धरून बसली.

हेळवाकपर्यंतच्या चढांना मी मुद्दाम गाडीला ताणलं. मागून फोन आला, "मावशी, काहीच येत नाहीये!" आवाजात निराशा होती. घाटात दुसरा गिअर, पाय वर, ब्रेक शक्य तेवढा कमी. तिथेही काही नाही. पोफळीच्या अलीकडे रस्ता सरळ झाल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आरशात मागचा रस्ता निळा झाला. भावोजींच्या गाडीचे वायपर चालू झालेले दिसले. ते त्यांनी घाबरून लावले की गंमत म्हणून, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओत ढग नीट दिसतो, आणि त्याहून नीट भाचीचं ओरडणं ऐकू येतं.

येताना तासवडे टोलनाक्याची परीक्षाही आपोआप झाली असती, पण तो पुण्याच्या बाजूला. ती नंतर साताऱ्याला जाताना झाली. रांगेतून सुटताना ढग निघाला.

मिस्त्रींनी व्हिडिओ बघितला आणि मान हलवली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. हे मला आवडलं. बंद थ्रॉटलचा व्हॅक्यूम रिंगांच्या बाजूनेही थोडं ऑइल खेचतोच, तेव्हा खालची बाजू साफ आहे का हे बघायला हवं. आधी स्वस्तातली गोष्ट : पीसीव्ही वॉल्व्ह. चेंबरमधली वाफ पुन्हा इनटेकमध्ये सोडणारी ही बोटाएवढी वस्तू. काढून हलवली तर आत खुळखुळ वाजायला हवी. आमची मुकी होती, गाळाने चिकटलेली. कार्ब क्लीनरने धुतली तेव्हा बोलायला लागली. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडलं. थोडी वाफ भिरभिरत होती. गॅरेजात याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि जुनी गाडी घ्यायला आलेले लोक एवढी वाफ बघूनही सौदा मोडतात. थोडी वाफ कुठल्याही इंजिनात असतेच. झाकण थाडथाड उडायला लागलं किंवा धुराचे झोत यायला लागले तर काळजी.

मग चारही प्लग काढले. निरोगी प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असतं. आमच्या चारांवरही राखेची खरखरीत पुटं होती, ऑइलमधली द्रव्यं जळून उरतात ती. तिसरा प्लग वर ओलाही होता. इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्शनं काढून, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावलं. मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबून सेल्फ मारत होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा कारण हवा आत जायला हवी, नाहीतर आकडा उगाच कमी येतो. 178, 175, 158, 176. पीएसआयमध्ये. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर 170. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा वर आला म्हणजे तिथे रिंगांतून गळती आहे, वर आला नसता तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट धरलं असतं. पण चारांतला फरक दहा-बारा टक्क्यांचाच होता. वीस वर्षांच्या इंजिनाला हे कुणीही पास करील.

इथे एक मेख आहे आणि ती मला मिस्त्रींच्या पुतण्याने सांगितली. पिस्टनवर तीन रिंगा असतात : वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या, तिसरी ऑइलची. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे वरच्या दोन ठीक. ऑइल रिंग कार्बनने जाम झालेली असेल तर गेजला ते कळत नाही. म्हणून त्याने मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात होनिंग करताना पडलेल्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा अजून दिसत होत्या. ऑइल धरून ठेवायला त्या रेषा असतात. इंजिन झिजलं की त्या पुसून भिंत आरशासारखी होते. तिसऱ्यात दोन उभे ओरखडे होते, नखाला लागतील न लागतील एवढे. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर कडेपर्यंत सारखा होता. रिंगांवरून ऑइल जोरात वर येत असतं तर कडेचा कार्बन धुऊन निघाला असता, असं तो म्हणाला.

सील बदलायची ठरली. हेड न उतरवता. मला वाटलं होतं हेड उतरवल्याशिवाय हे होतच नाही, कारण स्प्रिंग काढली की वॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडणार. काही गॅरेजात प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर दाबून धरतात. मिस्त्रींनी नायलॉनची दोरी काढली. पिस्टन वर येत असताना, दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद असलेल्या फेरीत, प्लगच्या भोकातून दोरी आत सारत राहिले आणि तिच्या बाहेरच्या टोकाला गाठ मारली. मग क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवली. पिस्टन वर आला, दोरीचा गोळा त्याच्या आणि वॉल्व्हच्या मध्ये घट्ट बसला, वॉल्व्ह जागेवर. नायलॉनचीच का, तर सुती दोरीचे धागे आत सुटतात.

रॉकर काढलेले होतेच. हेडमधली ऑइल उतरायची भोकं चिंध्यांनी बुजवली, कारण स्प्रिंग दाबल्यावर निघणारे कॉटर तांदळापेक्षा थोडेच मोठे असतात आणि एक जरी चेंबरमध्ये पडला तर चेंबर खोलावं लागतं. पुतण्या स्प्रिंग दाबायचा, मिस्त्री चुंबकाने कॉटर उचलायचे, मोजून ताटलीत टाकायचे. 16 वॉल्व्ह, त्यामुळे 16 सील आणि 32 कॉटर. ताटली मीच धरून बसले होते. पहिलं जुनं सील पकडीने ओढून काढलं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. नखाने दाबलं तर कडाड्कन तुटलं. नवीन सील बोटांत चेपत होतं, कडेला केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. प्रत्येक वॉल्व्हचा दांडा ते बोटाने डावीउजवीकडे हलवून बघत होते. गाइड झिजली असेल तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही. हलत नव्हता. इनटेकच्या बाजूची सील जास्त खराब निघाली, आणि व्हॅक्यूम त्याच बाजूला असतो हे एव्हाना मलाही सांगता येत होतं.

सगळं मिळून 35,000 च्या पाचव्या हिश्शातही भागलं.

आधीच्या गॅरेजवाल्याने दुसरा एक उपाय सुचवला होता : जाड ऑइल टाका, 20डब्ल्यू-50. गाडीच्या पुस्तकात 10डब्ल्यू-30 लिहिलेलं आहे. जाड ऑइलने खप थोडा कमी होतो हे खरं आहे, पण त्याने सील मऊ होत नाही, आणि थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. विकायच्या आदल्या आठवड्यात हा उपाय फार चालतो. बाटलीतली 'ट्रीटमेंट' औषधंही त्याच जातीची, असं माझं मत.

पीयूसीचं म्हणाल तर गाडी धूर मारत असतानाही पास होत होती. आमच्या गाडीसारख्या जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी आयडलिंगला होते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढंच मोजतात. आमच्या वर्गातल्या गाडीला मर्यादा 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. गरम गाडीत, घाट नाही, भार नाही, रांगेतला ढग तर सर्टिफिकेटवाल्याकडे येईपर्यंत विरलेला. शिवाय गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंफार ऑइल स्वतःच जाळून टाकतो, त्यामुळे ऑइल जात असूनही धूर न दिसणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यात कन्व्हर्टरचं नुकसान होतं : ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक आत साचून तो हळूहळू निकामी होतो. म्हणून वही लिहायची, सायलेन्सरवर विसंबायचं नाही.

सकाळचा ढग गेला. कुंभार्लीत पुन्हा भावोजींना मागे ठेवलं, भाचीला शूट करायला काही मिळालं नाही. वहीत आता लिटरभर ऑइल साधारण 4,000 किलोमीटरला जातं. उरलेलं तिसऱ्या सिलिंडरचं देणं. मिस्त्री म्हणतात, लिटरला हजारच्या खाली आली की आणा, तवा हाफ इंजिन.

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या मुलीला जुनी गाडी घ्यायची होती, ती मला बरोबर घेऊन गेली. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. "जरा दूध आणायला गेलो होतो," मालक म्हणाले. आम्ही त्यांच्याकडे चहा घेतला, गाडीची तारीफ केली आणि उद्या पुन्हा सकाळी येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही.